बाकावरची गोलकीपर

सिडनीच्या पेंडल हिलमध्ये राहणाऱ्या मुरलीधर आणि रेखा शिधये यांची देवयानी ही एकुलती मुलगी. मुरलीधर पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आला तेव्हा ती शाळेत जायच्या वयाचीही नव्हती. घरात क्रिकेटशिवाय दुसरा खेळ कुणाला ठाऊक नव्हता. पण शाळेत एकदा फुटबॉल खेळताना गोलात उभं राहायला कुणी तयार होईना. ही सगळ्यांत उंच, म्हणून टीचरने हिला उभं केलं, आणि पुढे ती तिथून हललीच नाही.

युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, तिचं नाव झालं. युनीच्या संघाने लागोपाठ दोन वर्षं स्पर्धा जिंकली ती हिच्या हातांवर, असं तिथले लोक अजून म्हणतात. फिजिओथेरपीची डिग्री मिळाली त्याच उन्हाळ्यात एका व्यावसायिक क्लबने तिला करारावर घेतलं. मुरलीधरने हॅरिस पार्कमधल्या भारतीय दुकानातून पेढे आणले आणि मराठी मंडळात घरोघरी जाऊन वाटले. "आमची देवयानी आता प्रोफेशनल फुटबॉलर," असं तो अनोळखी माणसालाही सांगायचा.

करार होता दुसऱ्या गोलकीपरचा. ते तो कुणाला सांगत नसे, कारण त्याचा अर्थ त्याला नीट कळलाच नव्हता. इतर खेळाडू दमले की बदलतात. गोलकीपर दमत नाही. पहिलीला काही झालं तरच दुसरीची पाळी येते.

पहिली होती टेगन. तिशी ओलांडलेली, न्यूकासलकडची, उन्हाने नाक कायम सोललेलं. मॅचच्या दिवशी देवयानीचं काम म्हणजे टेगनला तयार करणं. डावीकडे, उजवीकडे, उंच, जमिनीलगत, टेगन म्हणेल तसे चेंडू मारायचे. तिचे हात गरम झाले, चेंडूवर नजर बसली, की चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून बाहेर यायचं, जर्सीवर राखीव खेळाडूंचं रंगीत बिब चढवायचं आणि बाकावर बसायचं. मॅच संपली की सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत मैदानाला फेरी मारायची. घामाचा थेंब नसलेल्या जर्सीत ती फेरी मारताना तिला फार लाज वाटायची.

पहिल्या सीझनला आईबाबा मॅच बघायला आले. मुरलीधरने क्लबची जर्सी घातली होती. देवयानी पाण्याच्या बाटल्या गोळा करत होती, तेवढ्यात त्याने फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली चित्रलेखाकाकूंनी लिहिलं, 'छान! पण खेळताना कधी दिसणार?'

घरी जाताना गाडीत देवयानी म्हणाली, "बाबा, तो फोटो डिलीट कर. आणि मॅचला येत जाऊ नका. आय गेट नर्व्हस."

"बाकावर बसून कसली नर्व्हस होतेस?" मुरलीधरने अगदी भाबडेपणाने विचारलं.

रेखाने त्याच्या हातावर चापट मारली. त्यानंतर ते गेले नाहीत. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं की देवयानी सांगायची, खांदा दुखावलाय, किंवा कोच सध्या रोटेट करतोय. खांद्याला काही झालेलं नव्हतं. अशा थापा मारून ती घरी यायची तेव्हा स्वतःचाच तिला राग यायचा. हळूहळू तिने मंडळात जाणंच सोडलं.

अशी चार वर्षं गेली. आठवड्यातले काही दिवस ती एका क्लिनिकमध्ये फिजिओचं काम करायची, कारण बाकावरच्या पगारात सिडनीत भागत नाही. टेगनचा तिला राग करता आला असता तर बरं झालं असतं. पण टेगन तिच्याशी वाईट वागतच नव्हती. सराव संपल्यावर मुद्दाम मागे थांबून ती देवयानीला शिकवायची. "तू माझ्याहून उंच आहेस, पुढे येऊन चेंडू घे, घाबरतेस कशाला?" म्हणायची. कोचने दुसरी मुलगी आणायचं ठरवलं होतं, तेव्हा हिलाच ठेवा म्हणून टेगनच भांडली होती.

सेमीफायनलच्या आदल्या दिवशी सराव आटोपला. चेंजिंग रूममध्ये दोघीच उरल्या होत्या. टेगनने उजवा पाय बाकावर घेतला.

"डेव्ह, जरा बघ ना. परवा उडी मारून उतरले तेव्हा आत काहीतरी सटकल्यासारखं झालं. आता तसं दुखत नाही."

"टीमच्या डॉकला सांगितलंस?"

"त्याला सांगितलं तर तो स्कॅन काढेल आणि उद्या मला बसवेल. माझी बहुधा शेवटचीच सेमीफायनल आहे ही. तू फिजिओ आहेस. तू थांब म्हणालीस तर थांबते."

देवयानीने गुडघा हातात घेतला. क्लिनिकमध्ये असे गुडघे ती रोज तपासायची. मांडी एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने पोटरी हलकेच पुढे ओढली. पाय पुढे सरकला. जितका सरकायला हवा त्याहून जास्त. तिने डावा गुडघाही तसाच तपासला. तो घट्ट होता. पुन्हा उजवा पाहिला. पुन्हा सरकला.

"काय?" टेगनने विचारलं.

"थोडी सूज आहे," देवयानी म्हणाली. "बर्फ लाव. होईल ठीक, शुड बी राइट."

टेगनने तिच्या डोक्यावर टपली मारली आणि बर्फ आणायला गेली.

गाडीत बसल्यावर देवयानीने स्वतःला समजावलं की स्कॅनशिवाय खात्रीने काही सांगता येत नाही. टेगनचीच इच्छा होती खेळायची. सैल गुडघ्यांनी कितीतरी जण खेळतात. हे सगळं खरं होतं. मग तिने बाबांना फोन लावला.

"उद्या मॅचला याल?"

"आम्ही? तूच म्हणालीस ना, येऊ नका."

"या उद्या. आईलाही आण."

दुसऱ्या दिवशी ऊन रणरणत होतं. पहिला हाफ संपत आला असताना एक उंच चेंडू आला. टेगनने उडी घेतली, चेंडू पकडला, उजव्या पायावर उतरली, आणि तिची किंकाळी बाकापर्यंत ऐकू आली. खेळ थांबला. डॉक धावला. तो अजून तिच्यापर्यंत पोचलाही नव्हता आणि देवयानीने बिब काढून खाली टाकलं होतं. कोचने अजून तिला सांगितलं नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने खाली वाकून ते पुन्हा उचललं. शेजारी बसलेली मुलगी तिच्याकडे बघत होती.

स्ट्रेचरवरून जाताना टेगनने तिचा हात धरला. "गो गेट 'एम, डेव्ह," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्या दिवशी देवयानी जशी खेळली तशी आयुष्यात कधी खेळली नव्हती. दोन गोल तर तिने असे अडवले की समोरच्या संघाच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. शेवटी मॅच पेनल्टीवर गेली आणि तिने निर्णायक पेनल्टी अडवली. संघ तिच्या अंगावर कोसळला. स्टँडमध्ये मुरलीधर रडत होता. टीव्हीवर 'शिडाये, शिडाये' असा तिच्या आडनावाचा चुकीचा गजर चालला होता. त्या ढिगाखाली पडल्या पडल्या देवयानीला आनंद झाला. आपल्याला आनंद झाला, हेच तिला पुढे सर्वांत जास्त छळणार होतं.

पुढच्या आठवड्यात संघ फायनल हरला, पण मुरलीधरला त्याचं काही नव्हतं. त्याने घरी पार्टी ठेवली. मंडळाची माणसं, संघातल्या चार मुली आणि टेगन. देवयानी नको नको म्हणत होती, तरी टेगनला त्याने स्वतः फोन केला. ती कुबड्या घेऊन आली. गुडघ्यातलं लिगामेंट पूर्ण तुटलं होतं, ऑपरेशन ठरलं होतं. रेखाने तिला सोफ्यावर बसवून पायाखाली उशी दिली आणि साबुदाणा वड्यांची बशी हातात ठेवली.

जेवणाआधी मुरलीधरने चमचा ग्लासावर वाजवला. टेगनला कळावं म्हणून तो इंग्रजीत बोलला.

"चार वर्षं ही मला सांगते, बाबा, येऊ नका," तो म्हणाला. "आणि सेमीफायनलच्या आदल्या दिवशी स्वतः फोन करते. बाबा, उद्या या! आईला घेऊन या! मला सांगा, हिला कसं कळलं? खेळाडूला कळतं! आतून कळतं!"

सगळे हसले. चित्रलेखाकाकूंनी टाळ्या वाजवल्या. टेगनही हसत होती. मग तिचं हसू थांबलं. तिने बशी बाजूला ठेवली आणि देवयानीकडे पाहिलं. देवयानीला मान वर करवेना.

थोड्या वेळाने टेगन उठली, पाय ठणकतोय म्हणाली. देवयानी तिला सोडायला ड्राइव्हवेवर आली. टॅक्सी यायची होती.

"तुला कळलं होतं," टेगन म्हणाली.

"हो."

"गुडघा हातात घेतलास तेव्हाच?"

"खात्री नव्हती, पण... हो. कळलं होतं."

"मी तुला विचारलं होतं, डेव्ह. तू थांब म्हणाली असतीस तर मी थांबले असते."

"आय नो."

सॉरी म्हणावं असं देवयानीच्या ओठांवर आलं होतं, पण त्या कुबड्यांसमोर तो शब्द इतका हलका वाटला की तो तिला उच्चारता आला नाही. टॅक्सी आली. तिने दार उघडायला हात पुढे केला, तेवढ्यात टेगनने स्वतःच दार उघडलं, कुबड्या आत सरकवल्या आणि ती गेली.

पाहुणे गेल्यावर देवयानीने आईबाबांना सगळं सांगितलं. रेखा ऐकताना भांडी विसळत होती, ती थांबली. मुरलीधरला आधी कळेना. "पण तीच खेळायचं म्हणत होती ना?" तो म्हणाला. मग त्याला आपलं भाषण आठवलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"मी सगळ्यांसमोर... तिच्या तोंडावर..." तो म्हणाला.

"तू काही केलं नाहीस, बाबा. मी केलं."

तो आतल्या खोलीत जाऊन बसला. मंडळात तिच्याबद्दल बोलणं त्याने त्या दिवसापासून सोडलं. लोकांना वाटलं, शिधयांना आता गर्व झाला.

देवयानीने कोचलाही जाऊन सांगितलं. काहीतरी शिक्षा होईल अशी तिची अपेक्षा होती, कदाचित इच्छाही. कोचने शांतपणे ऐकून घेतलं. "तिने डॉकपासून लपवलं, ती तिची चूक," तो म्हणाला. "तू ऑफ ड्यूटी होतीस. विसरून जा." क्लबने पुढच्या सीझनसाठी मेलबर्नहून नवी पहिली गोलकीपर आणली. देवयानीला पुन्हा दुसरीचाच करार दिला. तिने तो सही करून परत केला.

ऑपरेशननंतर तिने टेगनला मोठा मेसेज पाठवला. गुडघ्याचे व्यायाम मी येऊन करून घेईन, असंही लिहिलं. उत्तर आलं, "थँक्स, माझा फिजिओ आहे." टेगन परत खेळू शकली नाही. तिने प्रयत्न केला होता, पण उडी मारून उतरताना आता तिचा त्या पायावर भरवसा राहिला नव्हता. ती दुसऱ्या एका क्लबात गोलकीपरांची कोच झाली.

त्या क्लबाशी मॅच होती तेव्हा दोघींची गाठ पडली. मॅचआधीच्या सरावाला उतरण्यापूर्वी दोन्ही संघ रांगेत उभे राहून हात मिळवत होते. टेगन रांगेतून येत होती, प्रत्येकीला काहीतरी म्हणत होती. देवयानीपाशी आली. तिने हात पुढे केला. "गुड लक टुडे," ती म्हणाली. आधीच्या मुलीलाही तेच म्हणाली होती, पुढच्या मुलीलाही तेच म्हणाली. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

नवी गोलकीपर खूण करून बोलावत होती. तिला उंच चेंडू हवे होते. देवयानीने जाळीची गाठ सोडली, चेंडू गवतावर ओतले आणि पहिला उचलून मारला.