कोपऱ्याचा खांब

चौदा एप्रिलला जयंतीच्या मांडवात बसायच्या आधी आई कोपऱ्याचा बांबू धरून हलवते. हिंदी मुलखातल्या आमच्या रेल्वे कॉलनीतल्या सगळ्याच मराठी बायका हलवतात. माझ्या जन्माआधी एका वर्षी सामानाचा टेम्पो मागे घेताना कोपऱ्याला लागला आणि कापड, पंखे, दिवे सगळं एकामागून एक खाली आलं. कुणाला फारसं लागलं नाही, पण सवय राहिली. बांबू हलला नाही, की मगच सतरंजीवर बसायचं.

बाबांची निवृत्ती जवळ आली, क्वार्टर सोडायचं होतं. शहराबाहेर एक इमारत होणार होती, तिथलं घर त्यांनी पसंत केलं. इमारत प्रीकास्ट पद्धतीची होती. खांब, तुळया, स्लॅब कारखान्यात तयार करायचे, ट्रकवरून जागेवर न्यायचे आणि तिथे जोडायचे. मी ज्या ऑफिसात काम करते तिथेच तिची ड्रॉइंग होत होती. बाबांना याचं कौतुक होतं आणि आईला भीती.

ती भीती जावी म्हणून मी आईला कारखान्याच्या भनपुरीतल्या यार्डात घेऊन गेले, आणि तिथेच चुकलं. त्या दिवशी नमुना म्हणून दोन खांब उभे केले होते. क्रेनने तुळई उचलली आणि खांबांतून पुढे काढलेल्या आखूड कट्ट्यांवर अलगद टेकवली. सांध्यातून सळया बाहेर दिसत होत्या.

"नुसती ठेवली?" आईने विचारलं.

"अभी जोड़ेंगे ना, आई," मी म्हटलं.

"पत्त्यांचा बंगला हाय हा. मी नाही येत इथं राह्याले."

परतताना नव्या घरासाठी गोल बाजारातून डबे घ्यायचं ठरलं होतं. बाजार आला, रिक्षा थांबली. आई उतरलीच नाही.

जेवताना बाबांनी विषय काढला. "अवं, पोट्टी इंजिनिअर हाय घरात. तिले विचार नं."

"तिले काय विचारू? ती आधी हिंदीत सांगते, अन् मंग इंग्रजीत." आईने माझ्याकडे पाहिलं. "मले एवढंच सांग. एक खांब गेला त?"

ऑफिसात मला नेमकं हेच काम दिलं होतं. कॉम्प्युटरमध्ये इमारतीचा एकेक खांब काढून टाकायचा आणि बाकीची इमारत उभी राहते का ते पाहायचं. एका खांबाबरोबर शेजारचा, त्याच्याबरोबर पुढचा, असं होता कामा नये. या विषयावर मी पेपर लिहिले होते, पण घरच्या भाषेत त्यातलं एक वाक्यही कधी बोलले नव्हते.

अडखळत सुरुवात केली. म्हटलं, अंगणात कपड्यांची दोरी असते. मधला खुंट पडला तर दोरीला झोळ पडतो, पण कपडे जमिनीवर पडत नाहीत, कारण दोरी अखंड असते आणि दोन्ही टोकांना पक्की बांधलेली असते. तुळईतून बाहेर आलेल्या सळया तशाच पुढच्या तुळईत जातात. सांध्यात सिमेंटचं पातळ मिश्रण भरलं की त्या एक होतात. आडव्या, उभ्या आणि मजल्याच्या कडेने चारी बाजूंनी.

"अन् कोपऱ्याचा गेला त? कोपऱ्याले दोरी कुठून धरन?"

मी लॅपटॉप आणला. कोपऱ्याला एका बाजूला काहीच नसतं, म्हणून तो सगळ्यात अवघड. तिथे उभ्या सळया वरच्या मजल्यांतून खाली आलेल्या असतात, त्या कोपऱ्याला वरून टांगून धरतात, आणि कडेची सळई त्याला आत ओढून ठेवते. आमच्या इमारतीच्या जिन्याकडच्या कोपऱ्याची पाळी माझ्या कामात अजून यायची होती. आईसमोरच मी स्क्रीनवरचा तो खांब पुसून टाकला. आकडेमोड झाली आणि जिन्याजवळची तुळई लाल झाली.

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"लाल म्हंजे?"

"म्हणजे तिथे टिकणार नाही," मी म्हटलं. "उद्या ऑफिसात सांगते."

"तू सांगशीन?" आई हसली. "पाव्हणे आले त पाणी द्याले बाहेर येत नाही तू."

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या टेबलाजवळ उभी राहिले. ते फोनवर होते, मग चहा आला, मग दुसरं कुणी आलं. मी हलले नाही.

"हां, बोलिए मैडम."

मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिलं. जिन्यासाठी स्लॅब जिथे कापला होता, तिथे कडेची सळईही थांबली होती.

"अभी दिखा तो अच्छा है," ते म्हणाले. "कंक्रीट ढलने के बाद दिखता तो रोना पड़ता."

नव्या ड्रॉइंगमध्ये ती सळई जिन्याला वळसा घालून पलीकडच्या सळईला जोडली गेली. मी घरी येऊन तोच खांब परत पुसला. या वेळी लाल काही दिसलं नाही.

"वाकला हाय पण," आई म्हणाली.

"वाकू दे. तेवढ्यात माणसं बाहेर पडतात."

तिने पुन्हा खांब पुसायला लावला. मग म्हणाली, "पाहू." हो म्हटलं नाही.

किल्ली मिळाली त्या दिवशी बाबा वर जाऊन कुलूप उघडत होते. आई मागे दिसेना म्हणून मी खाली आले. ती कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही तळवे लावून, पाय रोवून, जोराने ढकलत होती.

"क्या हुआ, माताजी?" चौकीदाराने विचारलं.

"कुछ नहीं भैया, देख रही हूं."

खांब हलला नाही. तिने पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, "चाल. गोल बाजार उघडा असन अजून."

घर पाहायला ती वर गेलीच नाही. आधी पिठाचा डबा घेतला, चांगला मोठा, आणि रिक्षात मांडीवर धरून बसली.