सुकं खोबरं

काल दुकानात सुक्या खोबऱ्याचं पोतं उसवलं आणि त्या वासानं मला कितीतरी वर्षांपूर्वीच्या नांदेड विमानतळावर नेलं. दिल्लीत माझ्या गरोदर बहिणीला दिवस भरायच्या आधीच दवाखान्यात ठेवलं होतं. आई आणि मी पहिल्यांदाच विमानानं निघालो होतो. बाळंतिणीला लागतं म्हणून आईनं पिशवीत खोबऱ्याच्या वाट्या भरल्या होत्या.

तपासणीत नेमकी तीच पिशवी बाजूला काढली.

"ही कुणाची?" वर्दीतला माणूस मोठ्यानं म्हणाला. आईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"सुकं खोबरं विमानात चालत नाही. तेल असतं त्यात, पेट घेतं."

"समदं ठेवून घ्या साहेब," आईचा आवाज कापत होता, "पर मला लेकीकडं जाऊ द्या."

त्यानं वाट्या काढून घेतल्या आणि पिशवी परत दिली. "जा मावशी."

आई वर्दीला भ्याली, असं तेव्हा मला वाटलं. पण विमान उडालं तरी तिचं कापणं थांबेना. दिल्लीत उतरल्यावर दाजींचा फोन लागला. "बाळ-बाळंतीण दोघंबी सुखरूप हायत," ते म्हणाले. आई तिथंच फरशीवर बसून रडली.

आता माझी लेक परदेशात बाळंतपणाला टेकलीय. फोन वाजला की उचलायचा धीर होत नाही.