भवानीनगरच्या पुढं कललेली जंबो बॅग

मंडळी, आज घडलं ते आजच लिहितोय.

आज दुपारी पशुखाद्याच्या जंबो बॅगा ट्रेलरवर घेऊन बारामतीहून इंदापूरला निघालो होतो. एकेक बॅग जवळपास टनाची. पट्टे मीच आवळलेले. भवानीनगरच्या पुढं आरशात पाहिलं, तर मागची बॅग बाहेर कललेली. हादऱ्यांनी माल खाली बसला होता आणि पट्टा ढिला पडला होता.

गाडी कडेला घेऊन उतरलो. बॅगेच्या बरोबर खाली पेरू विकणारी एक आजी बसलेली. आता गाडी हलवली तर बॅग तिच्यावरच पडणार.

"आजी, उठा हितनं. बॅग पडंल."

"मी रोज हितंच बसते. तूच गाडी फुडं घे."

शेवटी हाताला धरून ओढलंच तिला. ती मला शिव्या देत असतानाच बॅग तिच्या पेरूच्या पाटीवर आदळली.

आजीनं चेंगरलेल्या पाटीकडं पाहिलं. मग म्हणाली, "माझा ल्योक बी असलीच गाडी चालवतो. त्याला फोन लाव."

तिनं नंबर सांगितला, मी लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, तरी उचलला नाही.

"गाडीवर आसंल, आजी." मी म्हणालो.

बॅग उचलायला क्रेन येईपर्यंत ती माझ्या फोनकडंच बघत बसली.

ड्रायव्हर भावांनो, तुमी वाटेत थांबून पट्टे परत आवळता का?