दाढीवाल्याला लिहिलेली पत्रं

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि अर्ज आणि सही यापलीकडं कुणी काही लिहिल्याचं मला माहीत नाही. रानावर लिहायला रान कळावं लागतं. ते आप्पांना कळत होतं, मला नाही. तरीही लिहितो आहे, कारण आप्पांना अक्षर येत नव्हतं, मला येत होतं, आणि मी त्या अक्षरांनी त्यांच्याशी खोटं बोललो.

आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांना मूल नव्हतं. जांबोटीला एसटीतून उतरून तासभर आत चालत गेलं की आमची पाच-सात घरं लागतात. वडील भातशेती बघायचे, आप्पा जनावरं राखायचे. मी बेळगावात वसतिगृहात राहून बीए करतो.

दुसऱ्या वर्षाला आमच्या सरांनी सांगितलं की अभ्यासाबाहेरचं एक तरी इंग्रजी पुस्तक वाचा. मी मराठी शाळेतला. ग्रंथालयातून जास्त चित्रं असलेलं पुस्तक उचललं. रानात एकट्यानं हिंडणाऱ्या आणि झाडं तोडू नयेत म्हणून जन्मभर लिहिणाऱ्या एका परदेशी माणसाच्या त्या नोंदी होत्या. मुखपृष्ठावर त्याचा फोटो होता. बेंबीपर्यंत दाढी, पाठ झाडाला टेकलेली.

दिवाळीच्या सुट्टीत ते पुस्तक आणि डिक्शनरी घेऊन मी आप्पांबरोबर जनावरांमागं गेलो. दुपारी म्हशी सावलीला बसल्या तसा मी वाचायला बसलो. आप्पा थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले.

"काय वाचतोस रं, एवढं तोंड वाकडं करून?"

"रानातल्या माणसाचं हाय, आप्पा."

"मग मोठ्यानं वाच की. म्हशी बी ऐकतील."

"इंग्रजी हाय."

"आसू दे. तू हाईस न्हवं मधी?"

असं ते सुरू झालं. एक ओळ मनात वाचायची, अडला शब्द बघायचा, मग आप्पांना आमच्या बोलीत सांगायची. एका पानाला अर्धा तास लागायचा. बर्फाचे डोंगर आले तिथं मी अडखळलो. "लग्नात सरबतात घालत्यात तसला बर्फ?" आप्पांनी विचारलं. मी व्हय म्हटलं. "डोंगरभर? मग ह्यो पानी कशाला शोधत हिंडतोय?" मी घाईनं पान उलटलं.

एका ठिकाणी तो माणूस अस्वलाच्या मागावर जातो. आप्पा ताठ बसले. "पुढल्या पायाचा ठसा खोल हुता का मागल्या?"

"तसं काय लिहिलं न्हाय."

"ऱ्हायलं मग त्याचं. कळीव त्याला."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आप्पा त्या माणसाला जिवंत समजत होते. प्रस्तावनेत पहिल्याच पानावर लिहिलं होतं की त्याला जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली. मी ते पान सोडून पुढं गेलो होतो, कारण त्यात अवघड शब्द फार होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. एवढ्यात एक म्हैस उठली, आप्पा तिच्यामागं गेले आणि सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी ते मला आधीच हाक मारून म्हणाले, "चल, दाढीवाला वाट बघत आसंल." मग माझं धाडस झालं नाही.

दुसरं खोटं त्याच आठवड्यात बोललो. एका प्रकरणात दाढीवाल्यानं रानात चरणाऱ्या जनावरांवर आणि त्यांच्या राखणदारांवर फार कडक लिहिलं होतं. त्यांना रानाबाहेर काढल्याशिवाय रान वाचणार नाही, असा सगळा सूर होता. मी मान वर केली. आप्पा एका रेडकाच्या कानातली गोचीड काढत होते. मी म्हटलं, या पानांवर नुसतं डोंगराचं वर्णन आहे.

"लई लांबलं रं डोंगराचं," आप्पा म्हणाले.

संक्रांतीला गेलो तर वाटेवरच्या झाडांना पांढरे पट्टे आणि आकडे घातलेले दिसले. रस्ता रुंद व्हायचा होता. वळणावरच्या बेहड्यावरही आकडा होता. त्या बेहड्याच्या ढोलीत दरवर्षी धनेश पक्षी घर करतो. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते, बारीक फट तेवढी ठेवते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर तिला फटीतून फळं भरवत राहतो. आप्पा लहानपणापासून ते बघत आले होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"दाढीवाल्याला पत्र लिव," मला म्हणाले. "त्यानं तिकडं झाडं वाचवली. त्याला ठावं आसंल."

मी लिहून घेतलं. "रामराम विनंती विशेष. आमच्या वळणावरचं झाड तोडाय काढलंय. त्यात घर हाय. तुम्ही तिकडं कुणाला भेटला, काय बोललात, तेवढं कळवावं. आमाला बोलाय येत न्हाय." मग आप्पा म्हणाले, "तुमच्या अस्वलाचा पाय कळवायचा ऱ्हायलाय, तेबी कळवा."

ते पत्र पाकिटात घालून मी वसतिगृहातल्या ट्रंकेत ठेवलं.

आप्पांनी घाई केली नाही. आमच्याकडं सगळंच उशिरा पोचतं. गोव्यात कामाला गेलेला आमचा एक चुलता वारला ते आम्हांला दोन महिन्यांनी कळलं होतं. तेव्हा आप्पांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून अंगावर घागर ओतून घेतली. आमच्यात तसं करतात. मी विचारलं होतं, एवढ्या उशिरा कशाला? तर म्हणाले, "आमाला आज कळलं, आमच्यासाठी त्यो आज गेला."

शिवरात्रीला मी उत्तर घेऊन गेलो. खरं दिसावं म्हणून मीच ते कोऱ्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं. आप्पांनी तो कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि मला परत दिला. मी वाचायचं सोंग केलं. झाडाकडं रोज लक्ष ठेवा, कोण येतं, काय खातं, किती वेळा येतं, ते सगळं लिहून ठेवा, मग त्याची वही करून जंगलखात्याच्या हापिसात द्या, असं दाढीवाला सांगतो. आप्पा गुंतून राहतील, एवढाच माझा विचार होता. पुढं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

"जनावरांचं काय म्हणाला?"

"म्हशी बऱ्या हाईत का विचारलंय."

आप्पा हसले. त्यांना मी फार क्वचित तसं हसताना बघितलं.

त्या दिवसापासून आप्पा सकाळ-संध्याकाळ बेहड्याखाली बसू लागले. नर किती वेळा आला ते गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढून ठेवायचे. उंबर आणलं तर रेघेवर टिंब, दुसरं काही आणलं तर फुली. मी पंधरा-वीस दिवसांनी गेलो की भिंतीपुढं उभं राहून सगळं सांगायचे आणि मी वहीत उतरवून घ्यायचो. 'आज तीन बार आला. सांजचा आला न्हाय. वाट बघितली.' असल्या नोंदी. लिहिताना मला कधी कधी वाटायचं की पुस्तकात वाचलेल्यापेक्षा हे खरं आहे. मी निघताना आप्पा दाढीवाल्याला आणखी एक पत्र सांगायचे आणि तेही माझ्या ट्रंकेत जायचं.

मे महिन्यात आप्पा डोळे दाखवायला बेळगावला आले. तास संपवून मी बाहेर आलो तर ते ग्रंथालयाच्या पायरीवर बसलेले. खांद्यावर घोंगडं, मांडीवर करवंदांची पिशवी. माझ्याबरोबर वर्गातली दोघं होती. ग्रंथालयातल्या लिपिकानं दारातूनच विचारलं, "हे तुमचे कोण? मघापासून एका पुस्तकाची चौकशी करत होते."

मी म्हणालो, "ओळखीचे आहेत. गावाकडचे."

आप्पांनी मान खाली घालून पिशवीची गाठ सोडली आणि माझ्या मित्रांना करवंदं दिली. वाटेत मी विचारलं, "काय विचारत हुता आप्पा?"

"काय न्हाय. तुझं पुस्तक कुठल्या कपाटात ऱ्हातंय ते बघितलं."

स्टँडवर मी त्यांना एसटीत बसवलं. खिडकीतून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते एरवी तसं करत नसत.

त्यानंतर एकदाच गेलो. आप्पांनी नेहमीसारख्या भिंतीवरच्या रेघा सांगितल्या. पिल्लांचा आवाज येऊ लागला होता. वही संपत आली तेव्हा म्हणाले, "भरली की तूच ने हापिसात. तुझ्याच तोंडानं सांग." दाढीवाल्याचं उत्तर आलं का, असं या वेळी विचारलं नाही. मला सुटल्यासारखं झालं.

मग परीक्षा लागली. पाच पेपर, मध्ये सुट्ट्या. घरी फोन करायचा म्हणजे वडिलांनी टेकावर चढून रेंज धरायची. पेपर चालू असताना कुणी फोन करत नाही, म्हणून मीही लक्ष दिलं नाही. शेवटचा पेपर देऊन वही पिशवीत घातली आणि निघालो. आता सांगायचंच, असं ठरवलं होतं. वाक्यही ठरवलं होतं. वळणावर बेहडा उभा होता, आकड्यासकट. ढोलीचं तोंड मोकळं होतं.

अंगणात वडील दिसले. त्यांचं डोकं भादरलेलं होतं.

"कधी?" मी विचारलं.

"आज नववा दिस. ताप आला, दोन दिसांत गेला. तुझं पेपर हुतं रं."

मी मोठ्यानं बोललो. मला का नाही कळवलं, मी कोण नव्हतो का, असं बरंच काही. थोरली आई, म्हणजे आप्पांची बायको, आतून घागर घेऊन आली. "आधी पायरीवर हुबा ऱ्हा," म्हणाली. मी कपड्यांसकट उभा राहिलो. तिनं पाणी ओतलं. ओतता ओतता थांबली.

"ह्याच पायरीवर मी त्यांच्या अंगावर ओतलंतं. डोळं दाखवून बेळगावास्नं आलं त्या दिशी. आत येईनात. घागर आण म्हणालं. मी म्हटलं, कोण गेलं? तर म्हणालं, वळखीचा माणूस. लई वर्सं झाली म्हणं जाऊन, मला आज कळलं."

खांद्यावरची पिशवी काढून मी बाजूला ठेवली.

"मी म्हटलं, मग पोराला कळवाय पायजे. तर म्हणालं, त्याला म्हाईत हाय आधीपास्नं. त्याला काय इचारू नको, कावराबावरा हुईल." तिनं उरलेलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं आणि रिकामी घागर काखेला लावली. "कोण रं हुता त्यो?"