वस्तादांचं पथ्याचं चिकन

वस्तादांनी आयुष्यात कधी चमच्याने मोजून मीठ घातलं नाही. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बत्तीस वर्षं तीनशे माणसांचा स्वयंपाक त्यांनी अंदाजाने केला. उकळत्या रश्शाचे दोन थेंब तळहातावर घ्यायचे आणि चाटायचे. मोजून घालणारा आचारी त्यांच्या लेखी शिकाऊच. घरी मात्र या गृहस्थांनी कधी चहासुद्धा केला नाही. बायको म्हणायची, "वस्ताद मिळाला, त्याच्या हातचं जेवण काही मिळालं नाही."

ते निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत तिचं हृदय कमकुवत निघालं. डॉक्टरांनी बजावलं: तेल थोडं, आणि मीठ जवळजवळ नाहीच, नाहीतर अंगात पाणी साठेल. वस्तादांनी कंबर कसली. "आता तू स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. हे खातं माझं!"

चिकनची साल काढायची, चरबीचा कण ठेवायचा नाही. कांदा कोरड्या तव्यावर भाजायचा. मग आलं, लसूण, हळद, मिरपूड, दोन टोमॅटो आणि शेवटी घुसळलेलं दही. तेल चमचाभर. झाकणात पाणी ठेवून मंद आचेवर शिजवायचं. मीठ तेवढं तळहातावरून, जिभेला अगदी पुसट लागेल इतकंच. पहिल्या दिवशी काहीच लागेना, म्हणून त्यांनी एक चिमूट घातली. मग आणखी एक. तेल कमी ना, म्हणून चव उतरत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"कसं झालंय?"

"एक नंबर," ती म्हणायची, वाटी पुसून खायची आणि वर तांब्याभर पाणी प्यायची.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या पायांवर सूज आली. चौथ्यात धाप इतकी वाढली की दवाखान्यात ठेवावं लागलं. वस्ताद तिथेही डबा घेऊन हजर. थोरल्या मुलीने आईला भरवण्याआधी एक घास चाखला आणि तिचं तोंड वाकडं झालं. "बाबा, केवढं खारट आहे हे!"

वस्तादांनी घास घेतला, तोंडात घोळवला. त्यांना पुसटच लागलं. त्यांनी पुन्हा एक घास घेतला. बत्तीस वर्षं उकळतं चाटून चाटून जीभ कधी निकामी झाली, त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

ते बायकोच्या कॉटवर टेकले. "तुला कळत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? वस्तादांची चव गेली म्हणून?" ती श्वास घ्यायला थांबली. "अहो, पुन्हा गॅसजवळ उभे राहिला नसता तुम्ही. म्हटलं, खाऊ चार दिवस. होईल काय ते."

"माझा मान काय तुझ्या जिवापेक्षा मोठा होता का गं?"

वस्तादांना तिचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि ते बाहेरच्या जिन्यात जाऊन ढसाढसा रडले.

चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

डॉक्टर म्हणाले, हृदय मुळातच थकलं होतं, मनाला लावून घेऊ नका. वस्तादांनी मान हलवली. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की मीठ नसतं तर ती आणखी किती जगली असती, महिना की दहा वर्षं. पण उत्तर ऐकायची त्यांची छाती झाली नाही.