माझ्या मोडक्या हाताचा सूड

सोलापूर शहर व परिसरातील तमाम सुज्ञ नागरिकांस जाहीर निवेदन: सूड घेतल्याने माणसाची भूक वाढते, झोप सुधारते आणि चेहऱ्यावर तेज येते. प्रस्तुत लेखक हे स्वानुभवाने सांगत आहे.

पन्नाशीला टेकल्यावर मी हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा, नाद लावून घेतला. मोर्सची टिंब-रेघांची भाषा तोंडात बसावी म्हणून नवी पेठेतून चालताना दुकानांच्या पाट्या 'डिट डिट डा' करत वाचायचो. एका साडीवाल्याने काळजीने विचारलं, "काका, दाढ लई दुखायलीय का?"

आमच्या रेडिओ मंडळात पाच जण. त्यातले एक गृहस्थ स्वतःला मोर्सचे गुरू समजत. मी पहिल्यांदा सगळ्यांसमोर संदेश वाजवला तेव्हा म्हणाले, "हात हाय का बिघडलेला माग? धोटा मधीच अडकायलाय की!" सगळे हसले. सर्वांत मोठ्यांदा मीच हसलो आणि घरी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मोर्स दाखवायला आमच्यातला एकच जण जाणार होता. ती खुर्ची मला हवी होती. गुरूंनी ती परस्पर स्वतःला देऊन टाकली.

मग मी पाळत ठेवली. संदेश ऐकताना गुरूंची नजर कायम लॅपटॉपवर. "नोंदी ठेवायला लागतो," म्हणायचे. मोर्सचा आवाज ऐकून अक्षरं दाखवणारा प्रोग्राम मिळतो, हे मला ठाऊक होतं. तो घरी उतरवून घेतला आणि त्याला माझा हात ऐकवला. पडद्यावर नुसता कचरा! माझी 'डा', म्हणजे रेघ, कधी लांबते, कधी आखडते. कसलेल्या कानाला ते उमगतं, यंत्र गांगरतं. त्या दिवशी मी घरी बासुंदी आणली.

रविवारी सकाळी, गुरूंच्याच दिवाणखान्यात, मी हात जोडले. "प्रदर्शनाआधी तुमच्यासारख्यांनी एकदा माझं ऐकून लिहून घ्यावं, एवढीच इच्छा हाय." आणि मोर्सच्या खटक्यावर एका ओळीचा नमस्कार वाजवला. तारखात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या एका सभासदांनी तो चहा पीत पीत कागदावर उतरवला. गुरूंचं पेन हलेना. मी पुन्हा वाजवला. गुरूंनी लॅपटॉप नाकाजवळ ओढला. तिसऱ्यांदा वाजवताना मी त्यांच्याकडे अत्यंत प्रेमाने बघितलं.

गुरू सर्वांदेखत कडाडले, "अहो, नीट वाजवा की! ह्या लॅपटॉपला कायबी कळंना झालंय!"