मी रोमच्या बाजूने

समोरच्या फ्लॅटमधल्या चेचीचा मला हेवा वाटतो. राग म्हटलं असतं तर बरं दिसलं असतं, पण हेवाच. माझी मुलगी शाळेतून येते, दप्तर आमच्या दारात टाकते आणि समोर जाते. दुबईच्या करामातल्या या जुन्या इमारतीत दारं इतकी समोरासमोर आहेत की चेचीची फोडणी पडली की ठसका मला लागतो. चेची म्हणजे मल्याळममध्ये ताई; ही केरळची, माझ्यापेक्षा बरीच मोठी, एका शिपिंग कंपनीचे अकाउंट्स घरी बसून सांभाळते. स्वतःची गाडी चालवते, मजला दणाणून जाईल असं हसते. माझा नवरा लांब रुवैसला रिफायनरीत, म्हणजे शनिवार-रविवारचा पाहुणा. बाकीचे दिवस घरात आम्ही दोघी, आणि त्यातली एक समोर.

शाळेने मुलीला विषय दिला, रोमन साम्राज्य आणि पहिले ख्रिस्ती. त्या काळातलं कुणीतरी व्हायचं आणि पालकांसमोर बोलायचं. मला हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी होता. मी इतिहासात एम.ए. केलेली, पुण्यात कॉलेजात शिकवलेली बाई. इथे आल्यापासून मला भाजीचे भाव सोडून कुणी काही विचारलेलं नाही. मी शिरा केला, टेबल मोकळं केलं, रोमचे रस्ते, रोमचा कायदा, सगळं मनात लावून बसले. ती आली आणि म्हणाली, "आई, आँटी नोज ऑल धिस. शी इज क्रिश्चन." आणि गेली. शिरा मीच खाल्ला.

जेवताना मात्र तिला बोलायचं होतं. "आई, किंग म्हणाला माझ्या स्टॅच्यूपुढे धूप जाळा. आपण नाही म्हटलं. मग त्यांनी आपल्याला लायन्सना दिलं."

"आपल्याला नाही. त्यांना."

"पण आँटी सेज वुई."

चेची म्हणतेच तसं. ख्रिस्ताचा एक शिष्य मिरीच्या गलबतातून केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि त्याने तिच्या पूर्वजांना बाप्तिस्मा दिला, अशी तिच्या घरची श्रद्धा आहे. रोमचा सम्राट ख्रिस्ती झाला तो त्यानंतर कैक पिढ्यांनी. त्यामुळे त्या काळात कुठल्याही ख्रिस्त्याला काहीही झालं तरी ती 'वुई' म्हणून सांगते, परवा सख्ख्या मावशीकडे घडल्यासारखं. सगळ्या सम्राटांची ती एकच खिचडी करते. तिच्या गोष्टीत सिंह रोज जेवायला असतात. मी म्हटलं, असा छळ सगळीकडे आणि सतत होत नव्हता, आणि त्या गलबताला तर समकालीन पुरावाच नाही. मुलीने ताटातली भेंडी एका बाजूला सारली.

तेव्हापासून मी उघड उघड रोमच्या बाजूने झाले.

"अगं, मागणी किती साधी होती!" मी म्हटलं. "एवढं मोठं साम्राज्य, इतके देव, इतक्या भाषा. पुजा कुणालाही. फक्त सम्राटापुढे चिमूटभर धूप टाका आणि घरी जा. चिमूटभर! काय बिघडत होतं?"

"दॅट्स नॉट द पॉइंट, आई."

पॉइंट मला पुरेपूर कळत होता. एवढी सत्ता, एवढं सैन्य, आणि तरी आपल्यापेक्षा दुसऱ्या कुणाला जास्त मानलं जातंय हे त्यांना बघवत नव्हतं. मलाही बघवत नव्हतं. तिने माझ्यापुढे एक प्रश्न टाकला असता, एकच, तर मी तिला खुशाल समोर जाऊ दिलं असतं. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, मार्क मिळाले म्हणजे झालं. खलास."

इतिहास गेला तर गेला, मराठी तरी माझीच होती. ही मुलगी सगळ्यालाच 'आपण' म्हणते. "आज आपण पीईला गेलो," असं मलाच सांगते. मी तिला बसवून शिकवलं. ऐकणाऱ्याला आत घ्यायचं तर आपण. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायचं तर आम्ही. आँटी मराठीत बोलली असती तर तुला 'आम्ही' म्हणाली असती, कळलं? तिला इतकं आवडलं की ती धावत समोर सांगायला गेली. दोन्ही दारं उघडीच होती. "अरे, मलयालम में भी सेम टु सेम है!" चेची ओरडली. "ञंगळ, नम्मळ!" आणि दोघींनी टाळी दिली. झालं, व्याकरणही तिकडे गेलं.

कार्यक्रमाला आम्ही चेचीच्या गाडीतून गेलो. मुलगी माझी पांढरी ओढणी खांद्यावरून घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी रोमचा अधिकारी. मी खुर्चीत ताठ बसले. समोर एक म्हातारी बाई आहे असं धरून ती तिला समजावू लागली. इतके देव आहेत, इतक्या भाषा आहेत, जस्ट अ पिंच, काय बिघडतं? शब्द न् शब्द माझा होता. म्हणजे तिने ऐकलं होतं! मला भरून आलं. मग म्हातारी ऐकत नाही म्हणून अधिकारी चिडला, त्याने मान तिरकी केली आणि बोट नाचवलं. पालक खो खो हसले. ते बोट भेंडी न खाणाऱ्या मुलीपुढे रोज नाचतं, हे मला आणि तिलाच ठाऊक होतं.

चेचीने माझा हात दाबला. "कितना अच्छा सिखाया आपने," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. तिच्यावर चिडायलाही ती जागा ठेवत नाही.

परत येताना मुलगी पुढे, चेचीशेजारी बसली. मी ओढणीची घडी घालत मागे. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती वळून म्हणाली, "आई, शनिवारी आम्ही अप्पम करणार आहोत."

"आपण," मी सवयीने दुरुस्त केलं.

"नाही आई," ती म्हणाली. "आम्ही."